रेव्हरंड जेम्स लॉसन यांची नागपुरातील वर्षे नोंदवून ठेवावीत : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे अग्रणी रेव्हरंड जेम्स लॉसन यांचे ९ जून २०२४ रोजी लॉस एंजेलिस येथे निधन झाले. त्यांच्या उमेदीची सुमारे तीन वर्षे नागपुरात गेली. त्या वर्षांची नोंद शासनाने पद्धतशीरपणे करून ठेवावी, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल लॉसन यांनी तेरा महिने तुरुंगवास भोगला. त्यानंतर १९५३ मध्ये मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून ते हिस्लॉप महाविद्यालयात आले. तेथे ते विद्यार्थ्यांना मैदानी खेळ शिकवीत आणि त्याचबरोबर गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’ उघडला असता, अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी बसमधील वर्णभेदाविरुद्ध बसगाड्यांवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. आपण ज्याची वाट पाहत होतो ते मायदेशी सुरू झाले आहे, हे त्यांनी तेथेच ओळखले. १९५६ मध्ये ते परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मानवी प्रतिष्ठेच्या दोन मोठ्या लढ्यांशी एका शहराचे नाव असे जोडले जावे, याचा नागपूरकरांना सार्थ अभिमान वाटला पाहिजे.

पुढच्याच वर्षी त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. किंग यांनी शिक्षण पुरे होण्याची वाट न पाहता अमेरिकेच्या दक्षिण भागात येण्याचा आग्रह धरला आणि लॉसन नॅशव्हिलला गेले. तेथील एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी जे वर्ग घेतले, ते मुळातून समजून घेण्यासारखे आहेत. काही मुले उपाहारगृहातील गिऱ्हाईक होऊन खुर्चीवर बसत. बाकीची त्यांना शिव्या देत, केस ओढत, सिगारेटचा धूर तोंडावर सोडत, खुर्चीवरून खाली ढकलत. बसलेल्याने हात उगारायचा नाही, पळायचे नाही आणि मान खाली घालायची नाही, हा सराव कित्येक महिने चालला. फेब्रुवारी १९६० मध्ये हीच मुले केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या टेबलांवर जाऊन बसली. एका तुकडीला अटक झाली की दुसरी तिची जागा घेई. याची शिक्षा म्हणून व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले, परंतु १० मे रोजी नॅशव्हिलमधील सहा दुकानांना आपली उपाहारगृहे सर्वांसाठी खुली करावी लागली. जॉन लुइस आणि डायेन नॅश यांच्यासारखे पुढचे नेते याच वर्गांत घडले.

१९६८ मध्ये मेम्फिस येथे कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मरण पावले आणि संप सुरू झाला. त्या संपासाठी किंग यांना बोलावणारे लॉसनच होते. स्वतःच्या हत्येच्या आदल्या रात्रीच्या भाषणात किंग यांनी लॉसन यांचा तुरुंगवास आणि विद्यापीठातून झालेली हकालपट्टी यांचा गौरवाने उल्लेख केला.

महोदय, १९५५ मध्ये हिस्लॉपमध्ये शिकणारे विद्यार्थी आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी जे हयात आहेत, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यास फार मोठा निधी लागणार नाही. लागेल ती तत्परता, कारण हे काम पुढच्या वर्षावर टाकण्याजोगे नाही. पुराभिलेख संचालनालयाने ते हाती घ्यावे, महाविद्यालय व चर्च यांच्याकडील त्या काळचे कागद आणि छायाचित्रे मालकांच्या संमतीने संगणकीकृत करावीत आणि ‘नागपूर टाइम्स’चे १९५३ ते १९५६ मधील जे अंक मिळतील ते अभ्यासकांना खुले करावेत. दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने नागपूर जिल्ह्याच्या दर्शनिकेच्या पुढील आवृत्तीत लॉसन यांच्यावर टिपण द्यावे. पुतळा किंवा चौकाचे नामकरण मी मागत नाही. मुलाखतींचे काम या आर्थिक वर्षातच सुरू करण्याचे आदेश आपण द्यावेत, ही विनंती.

आपला,
नागपूरचा एक नागरिक