दोस्ता, मी बरा आहे

परभणी

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. "सकाळी सकाळी तलत? सगळं ठीक आहे ना?" तलत महमूदचं एक गाणं स्टेटसला ठेवलं तर तू एवढा घाबरलास! वर तुझ्या चिरंजीवांनी म्हणे सांगितलं की सतत दुःखी गाणी ऐकणं हे डिप्रेशनचं लक्षण असतं, काकांना कुणाला तरी दाखवा. दाखवलं रे. गेल्याच महिन्यात शुगर, बीपी सगळं दाखवलं. डॉक्टरांनी गोड बंद केलं, तलतबद्दल काही बोलले नाहीत.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हां, हां" म्हणत दुसरंच काहीतरी बघत असतोस, ते मला इथं परभणीत बसून कळतं. म्हणून लिहायला घेतलंय. सवडीनं वाच.

गांधी पार्काजवळची ती कॅसेट भरून देणारी टपरी आठवते का? आपण साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायचो आणि वहीच्या मधल्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायचो. तुझी यादी किशोरची, तीही उडती. माझी यादी वाचून तो दुकानदार चष्म्यावरून बघायचा. "सगळीच रडायची? अरे पोरा, घरी काय म्हणतील? एखादं तरी हसरं टाक की." मी काही ऐकायचो नाही. पण तो माणूसही माझ्यापेक्षा हट्टी. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, जुनं गाणं सव्वातीन मिनिटांचं, म्हणजे नऊ गाणी बसायची. उरलेली टेप वाया कशाला घालवायची म्हणून शेवटी तो आपल्या मनानं काहीतरी घालून द्यायचा. माझ्या त्या पहिल्या कॅसेटवर तलतचं 'शाम-ए-ग़म की क़सम' संपतं न संपतं तोच शम्मी कपूरचं "याहू!" यायचं. (ती आरोळी रफीची नाही, प्रयाग राज यांची. हे मी तुला आधीही सांगितलंय, पण तू विसरतोस.) अजून मोबाइलवर 'शाम-ए-ग़म' संपलं की माझे कान त्या आरोळीची वाट बघतात.

दुसऱ्या बाजूची गंमत उलटी. तिथं शेवटचं गाणं 'जलते हैं जिसके लिए' होतं आणि दुसऱ्या अंतऱ्यात टेप संपायची. खट्! एसटीडीचा कॉल मधेच कटावा तसं. आणि ते गाणंच फोनवरचं आहे ना! 'सुजाता'त सुनील दत्त फोनवर गातो, नूतन पलीकडं नुसती ऐकते. मला कितीतरी वर्षं ते तेवढंच ठाऊक होतं. पुढं दूरदर्शनवर सिनेमा लागला तेव्हा गाणं टेपच्या पुढं गेलं आणि मला परक्याच्या घरात शिरल्यासारखं झालं.

ही आवड मला लागली ती आजोबांमुळं. तू त्यांना पाहिलंयस, पांढरी टोपी, हातात अडकित्ता. निजामाच्या राज्यात शाळा झालेली, त्यामुळं सगळं शिक्षण उर्दूतून. हिशेबाची वही शेवटपर्यंत उजवीकडून डावीकडं लिहायचे. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागायची आणि शेवटचं गाणं रोज सैगलचं. आठला तीन-चार मिनिटं कमी असताना आजोबांचा दुसरा चहा यायचा, तो सैगलबरोबर संपला पाहिजे असा घरात दंडकच होता. शॉर्टवेव्हची खरखर एवढी, की सैगल पावसात उभा राहून गातोय असं वाटायचं. मी मागून गुणगुणलो की आजोबा थांबवायचे. "गम नाही. ग़म. घशातून काढ." दहा-दहा वेळा म्हणायला लावायचे. मराठी माणूस म्हणून एवढी सूट नाही!

एवढ्या सगळ्यात मी त्यांना कधी डोळे पुसताना पाहिलं नाही. रझाकारांच्या धामधुमीत बायकापोरं घेऊन निजामाच्या सरहद्दीपलीकडं गेलेला माणूस. काय काय बघितलं असेल. ते कधी बोलले नाहीत. सैगल ऐकताना मांडीवर बोटांनी ठेका, एवढंच. चेहरा कसा? प्रसन्न. मला लहानपणी याचंच नवल वाटायचं, की तिकडं "जब दिल ही टूट गया" चाललंय आणि आमचे आजोबा बशीत चहा ओतून खुशीत.

मग आजी गेली. त्या दिवशी आजोबांनी रेडिओवर टॉवेल टाकला. सुतक फिटलं, तेराव्याचे पाहुणे गेले, तरी टॉवेल तसाच. कुणाची हात लावायची प्राज्ञा नाही. आई चहा त्याच वेळेला नेऊन द्यायची, ते मुकाट्यानं प्यायचे. हुरड्याचे दिवस आले तेव्हा एका सकाळी त्यांनी स्वतःच टॉवेल काढला, झटकला, घडी केली आणि काटा फिरवून स्टेशन धरलं. आई स्वयंपाकघरात वडिलांना हळूच म्हणाली, "मामंजी सुधरले बघा."

माझ्या आईला संगीतातलं काहीही कळत नव्हतं. पण तुझ्या मुलाला जे कळलं नाही ते तिला कळलं. दुःखात बुडालेला माणूस दुःखी गाणं ऐकत नसतो रे. त्याला ते सोसत नाही. ऐकायला मन थोडं मोकळं लागतं, आत जरा जागा लागते.

पटत नसेल तर स्वतःचंच आठव. तुझं ते सेलूचं प्रकरण. तिचं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, आता हा माझ्या पंथाला लागणार. कसलं काय! तू दिवसभर विद्यापीठाच्या मैदानावर क्रिकेट खेळायचास, अंधारात चेंडू दिसेना तरी. तुझा सगळा कॅसेटचा डबा माझ्याकडं आणून ठेवलास, "राहू दे तुझ्याकडं" म्हणून. चांगले पाच-सहा महिने डबा माझ्या कॉटखाली होता. मग एक दिवस उगवलास, "माझा डबा दे. आणि तुझ्या त्या रडक्या तलतची एक दे." त्या दिवशी मी आत जाऊन आईला म्हणालो होतो, सुधरला.

मी स्वतः वडील गेले तेव्हा हे भोगलं. खिशातल्या मोबाइलमध्ये हजार गाणी आणि एकाला बोट लावावंसं वाटेना. बासरी कानावर पडली तरी उठून जायचो. संध्याकाळी टीव्हीवर सोयाबीनचे भाव बघत बसायचो, घरात एक दाणा सोयाबीन नसताना. दिवाळी झाली. गंगाखेडला निघालो होतो, रेल्वे फाटक पडलेलं. पुढं ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या भरून संसार: बाजा, पत्रे, कोंबड्या, वर गोधड्यांत गुरफटलेली लेकरं. आणि स्पीकरवर 'अच्छा सिला दिया तूने', कान फाटतील असं. तुला माहितीये मला हा प्रकार झेपत नाही. नव्वदनंतरची ती बेवफाईची गाणी म्हणजे समोरच्याची कॉलर धरून मागितलेला न्याय. पण फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी गाडी बाजूला घेऊन गाणं संपेपर्यंत थांबलो. ट्रॅक्टरवाला एका हातानं स्टेअरिंग धरून जोरात म्हणत होता. सहा महिने परमुलखात कोयता चालवायला निघालेल्या माणसांना आवडनिवड शिकवायची माझी काय टाप? घरी आलो आणि रात्री तलत लावला. बायको म्हणाली, "आलात का परत?"

आता तलतच का, ते सांगतो. मला रडणारा गायक नको असतो. रड आवरून धरलेला हवा. काही गायक गाण्यात हुंदका घालतात, तिथं माझं मन उठतं. आपण रडायच्या आधीच समोरचा रडून मोकळा झाला तर आपल्याला काम काय उरलं? तलतच्या आवाजात तो बारीक कंप आहे, तेवढाच. मुंबईत आल्यावर लोकांनी त्याला सांगितलं म्हणे, आवाज थरथरतो, बरं नाही. तो बिचारा गाताना कंप दाबायला लागला. संगीतकार अनिल विश्वास यांनी रेकॉर्डिंगच्या वेळी विचारलं, तुझा तो कंप कुठं गेला, मला तोच पाहिजे. 'आरज़ू'मधलं 'ऐ दिल मुझे ऐसी जगह ले चल', 1950 चं. तिथून पुढं तो कंप म्हणजेच तलत. अनिलदांनी त्या दिवशी नुसती मान हलवली असती तर काय झालं असतं, या विचारानं मला आजही धास्ती वाटते. मुकेशलाही 1945 मध्ये 'दिल जलता है तो जलने दे' देणारे हेच. तेव्हा मुकेश हुबेहूब सैगलसारखा गायचा, आजोबा फसायचे.

लताबाईंचं काय सांगू? 'दस्तक'मधलं 'माई री' ऐक. शब्द एवढे व्याकूळ, पण त्या सूर कुठं ओला होऊ देत नाहीत. तेच गाणं मदनमोहनच्या स्वतःच्या आवाजातही आहे, तेही ऐक. गळा तयारीचा नाही, पण चाल ज्याच्या आत जन्मली त्याचा तो आवाज. कुठलं जास्त चांगलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बायकोच्या मते दोन्ही एकसारखीच, "झोप आणणारी".

एक गोष्ट मात्र तुला मुद्दाम सांगायचीय. कॉलेजात गॅदरिंगला दरवर्षी कुणीतरी 'करोगे याद तो हर बात याद आएगी' म्हणायचं आणि पहिल्या रांगेतल्या मुली गप्प व्हायच्या. 1982 च्या 'बाज़ार'मधलं, भूपेंद्रनं गायलेलं. ते लिहिलंय बशर नवाज यांनी. आपल्या औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. आपण समजायचो ही दर्दभरी गाणी लिहिणारी माणसं लखनौ-मुंबईकडं पिकतात. आणि चाल कुणाची? खय्यामची. माझ्या कॅसेटवरचं 'शाम-ए-ग़म'ही त्याचंच, 1953 चं. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली, पण माणसाची चाल तीच, कुठंही घाई नाही. आणि बशर नवाज यांच्या त्या गाण्यात तक्रार शोधून दाखव. तू सोडून गेलीस, दगा दिलास, असलं काही नाही. आठवायला लागशील तर सगळंच आठवेल, एवढंच सांगणं. आपल्याकडची माणसं असंच बोलतात की! तीन साल पाऊस नसला तरी "कसं काय पाटील?" म्हटलं की "चाललंय बरं" म्हणणारी. मला वाटतं, ही गाणी मराठवाड्यात एवढी मुरली ती काही एकट्या उर्दूमुळं नाही.

लग्नातला बँडवाला तरी बघ. वरातीत नागीण वाजवून घामाघूम झालेला तोच क्लॅरिनेटवाला पाठवणीच्या वेळी 'बाबुल की दुआएँ' धरतो आणि इतका वेळ केटररशी भांडणारा मुलीचा बाप खांबाआड जातो. तेवढ्यात नवरदेवाचा मित्र ओरडतो, "ओ मास्तर, अजून एक नागीण होऊ द्या!" गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत हे झालं. मास्तरनं ऐकलं नाही. सगळे अंतरे पुरे केले. मी त्याला जाऊन शंभर रुपये दिले, तर म्हणतो, "साहेब, नागीण वाजवतो, पण दम हितं लागतो."

तेव्हा तुझ्या मुलाला माझ्याकडून सांग, काळजी करू नको. तो गुणी आहे, त्यानं विचारलं याचं मला बरंच वाटलं. त्याला म्हणावं, काकांच्या स्टेटसला सोयाबीनचे भाव दिसले तर मात्र लगेच फोन कर.

फेब्रुवारीत तुराबुल हक़ साहेबांचा उरूस आहे, सुटी टाकून ये. कव्वाली ऐकू, मालपुवा तू खा, मी बघेन. 'सुजाता'वाली कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे, पण लावायला यंत्र नाही. तुझा टू-इन-वन माळ्यावर असेल तर घेऊन ये. बेल्ट सैल झाला असेल, तिथंच पुण्यात बदलून घे. सैल बेल्टवर रफीसुद्धा झोपेत गातोय असं वाटतं, मागं एकदा अनुभव घेतलाय.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
रडक्या