गल्ली ओलांडली की नेट स्वस्त

महोदय,

डोंबिवली पूर्वेला आमची २४ बिऱ्हाडांची इमारत आहे. गल्लीच्या पलीकडे माझी धाकटी जाऊ राहते. दोघींचा केबलवाला एकच, इंटरनेटही त्याचंच, वेगही सारखाच. मी महिन्याला ७९९ रुपये भरते, ती ५४९. आधी वाटलं, माझ्या बिलात काहीतरी चूक असेल. वसुलीला येणाऱ्या पोराला विचारलं, तर तो सरळ म्हणाला, "काकू, तिकडं दुसऱ्या कंपनीची वायर आलीय ना!"

आमच्याकडे ती का आली नाही, तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी या केबलवाल्याने सोसायटीच्या सीसीटीव्हीला नेट फुकट दिलं आणि डक्टमधून दुसऱ्या कुणाची वायर जाऊ देणार नाही, असं सेक्रेटरींकडून लिहून घेतलं. सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होते. आज १९ घरांत त्याचं नेट आहे. घरटी २५० रुपये जास्त, म्हणजे ते 'फुकट' नेट आम्हाला महिन्याला ४,७५० रुपयांना पडतंय.

टीव्हीची वेगळीच तऱ्हा. सासूबाई ८४ वर्षांच्या. मालिकांचा एक मराठी चॅनल आणि सह्याद्री, एवढंच त्या बघतात. सह्याद्री तर मोफतच. २०१९ साली ट्रायने, म्हणजे फोन-केबलवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पाहाल त्याच चॅनलचे पैसे भरा, असा नियम आणला, तेव्हा मी वहीत हिशेब मांडला होता: १३० रुपये जोडणीचा मूळ आकार, एक चॅनल १९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १७५ रुपये ८२ पैसे. केबलवाला म्हणाला, "सुटं घेऊन परवडत नाही, पॅकच घ्या." सध्या ३६० भरतोय, आणि त्यात इतके चॅनल आहेत की सासूबाईंच्या हातून रिमोट दाबला गेला की सह्याद्री पुन्हा शोधायला मलाच उठावं लागतं. पावतीवर नुसता आकडा, चॅनलचे किती आणि मूळ आकार किती याचा पत्ता नाही. त्या मूळ आकारावरची १३० रुपयांची मर्यादाही ट्रायने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली आणि दर बाजारावर सोपवला. आमच्या जिन्यात बाजार म्हणजे एक काळी वायर!

येत्या सभेत हा विषय घ्या, असं पत्र मी दिलं आहे. सेक्रेटरी विचारतात, मग सीसीटीव्हीच्या नेटचे पैसे कोण भरणार? ७९९ भागिले २४. घरटी ३४ रुपये. माझे आजच घ्या, म्हणून सांगून आलेय.

— एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)