नांदूर मधमेश्वरला आधी पाण्याचे वेळापत्रक हवे

महोदय,
स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या विकासाचा विषय निघाला की मनोरे, उपाहारगृह, बोटी अशीच यादी पुढे येते. पाण्याची खोली मात्र त्या यादीत कधी दिसत नाही. १९८६ साली अभयारण्य झालेली ही जागा २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, त्यातून बेटे आणि उथळ पाणी तयार झाले, म्हणून पक्षी आले. इथे पाणी किती आहे यापेक्षा ते किती खोल आहे, याला जास्त महत्त्व आहे.

तुतवार, चिखल्या यांसारखे छोटे पक्षी ओल्या चिखलात आणि फार तर पाच सेंटीमीटर पाण्यात चरतात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांना पंधरा ते तीस सेंटीमीटर पाणी लागते. बुडी मारणारे वारकरी मीटरभर पाण्यातही तग धरतात. हिवाळ्यात कालव्याच्या आवर्तनासाठी (शेतीला ठरावीक काळाने सोडायच्या पाण्यासाठी) वरच्या धरणांतून पाणी आले आणि पातळी एकदम हातभर चढली, की चिखलपट्टी बुडते आणि तिथले पक्षी निघून जातात. मार्च ते मे या काळात अशी चढण आली तर नुकसान आणखी मोठे: नदी सुरय, आर्ली, टिटवी यांची घरटी वाळूच्या बेटांवर, अगदी उघड्यावर असतात. एका रात्रीत अंडी वाहून जातात.

म्हणून नोव्हेंबरपासून पाणी दिवसाला दोन-तीन सेंटीमीटरने, सावकाश उतरावे. काठाचा उतार १:२० असेल तर तीन सेंटीमीटर पाणी उतरल्यावर साठ सेंटीमीटर रुंदीचा ताजा चिखल उघडा पडतो, आणि किड्या-अळ्यांचे नवे ताट रोज वाढले जाते. हाच काठ जेसीबीने १:२ असा उभा कापला तर उघडी पट्टी उरते सहा सेंटीमीटरची! गाळ काढण्याला आमचा विरोध नाही, पण तो मूळ प्रवाहाच्या खोल भागातून काढावा. काठ आणि बेटांना हात लावू नये. उघड्या पडलेल्या पट्टीवर गाळपेर, म्हणजे ओसरलेल्या पाण्याच्या जागी पेरणी, झाली की खते, फवारण्या आणि माणसांची ये-जा थेट पक्ष्यांच्या चरण्याच्या जागेत येते. तिथे निदान पाण्यालगतचा पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा आणि ज्यांची गाळपेर त्यामुळे बुडेल त्यांना रीतसर मोबदला द्यावा. नुसत्या बंदीने हे साधणार नाही.

पानवेली (जलपर्णी) काढण्याचे काम दरवर्षी चुकीच्या वेळी होते. तळी पूर्ण झाकली गेल्यावर यंत्रे येतात आणि उपसलेला ढीग काठावरच पडून राहतो. तो कुजून त्याचे पोषणद्रव्य पुन्हा पाण्यात उतरते, उरलेला पुराबरोबर परत जातो. अनुकूल हवेत पानवेल साधारण पंधरवड्यात दुप्पट होते, आणि तिचे बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. काढणी फुलोऱ्याआधी, विस्तार कमी असतानाच व्हावी. वरच्या अंगाला तरंगते अडथळे बांधावेत आणि ढीग पूररेषेबाहेर नेऊन त्याचे खत करावे. अर्थात नदीत सांडपाणी येत राहील तोवर पानवेली पुन्हा वाढणारच. ते सांडपाणी रोखण्यावर खर्च केलेला रुपया इथल्या दहा यंत्रांपेक्षा उपयोगी ठरेल.

आता शाळांच्या सहलींविषयी. दोनशे मुले एकदम उतरवली की गोंगाटाने थवे उडतात आणि मुलांना काहीच दिसत नाही. वीस-वीसची तुकडी, प्रत्येक तुकडीला एक स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण), दोघांत एक दुर्बीण, एवढे पुरे. लपणगृहाच्या, म्हणजे लपून पक्षी पाहण्याच्या खोलीच्या, फटी दोन उंचीवर हव्यात: मुलांसाठी शंभर सेंटीमीटर, मोठ्यांसाठी दीडशेच्या आसपास. सहली सकाळी येतात, तेव्हा ऊन पाठीमागून यावे अशा बेताने लपणगृह पूर्व काठावर, पश्चिमेकडे तोंड करून बांधावे. नाहीतर समोर फक्त काळ्या आकृत्या दिसतात. तिथवर जाणाऱ्या वाटेला माणसापेक्षा उंच बांबूचे तट्टे लावावेत. पक्षी दाखवून झाले की मुलांना हातजाळीने काठाचे पाणी गाळू द्यावे. चतुराच्या आणि मेफ्लायच्या अळ्या सापडल्या तर पाण्यात प्राणवायू चांगला. नुसत्या लाल अळ्याच निघाल्या तर तो कमी. पाण्याचे आरोग्य मुलांना स्वतः वाचता येईल, हे शिक्षण कुठल्याही फलकाने होत नाही.

पातळीचे वेळापत्रक करायला नवा निधी लागत नाही. आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला वन विभागाचा अधिकारी बसावा, बंधाऱ्याची रोजची पातळी चापडगावच्या फलकावर लिहिली जावी, आणि घरट्यांच्या काळात पाणी सोडण्याआधी वन विभागाला दोन दिवस कळवले जावे. येत्या हंगामाच्या बैठकीपासूनच ही पद्धत सुरू करावी, अशी आमची जलसंपदा आणि वन विभागाला विनंती आहे.

आपले,
पाणपक्षी निरीक्षक, नाशिक