फाइलवर एक तारीख हवी

मा. संपादक,
स. न.

आमच्या तालुक्यात झालेल्या मुखकर्करोग तपासणी शिबिराची बातमी आपल्या अंकात फोटोसह आली होती. शिबिरं व्हायलाच हवीत. माझ्या आईचं दुखणं अशाच एका शिबिरात सापडलं. पण सापडल्यावर पेशंटचं पुढे काय होतं, याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आईचं वय सत्तरीच्या पुढे. कळत्या वयापासून ती मिश्री लावते. हे व्यसन आहे असं आमच्याकडे कुणाला वाटलंच नाही. तव्यावर तंबाखू भाजायचं काम तर घरातल्या पोरीबाळींकडेच असायचं. डाव्या गालाच्या आतून पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि कॅन्सर निघाला. आम्हाला वाटलं, आता आठवडाभरात ऑपरेशन होईल.

तसं होत नसतं. बाहेरच्या लॅबमधल्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासतात. सीटी स्कॅन होतो. पुढे रेडिएशन द्यावं लागलं तर जबड्याचं हाड खराब होऊ नये म्हणून किडके दात आधीच काढतात. हृदयाची टूडी इको तपासणी, भुलीच्या डॉक्टरांचा फिटनेस, मग सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले डॉक्टर एकत्र बसून काय करायचं ते ठरवतात. त्यानंतर मोफत उपचारांसाठी सरकारच्या महात्मा फुले योजनेची मंजुरी. आईचं नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं, हे तिथे पोचल्यावर कळलं.

यातलं एकही काम बिनगरजेचं नाही, हे मला पटलेलं आहे. डॉक्टर मंडळी जेवायलाही न उठता ओपीडी संपवतात, तेही बघतोय. पण हे सगळं एकदम, पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं नाही. खिडकीवर एक कागद दिला की पुढचा कळतो. सीटी आणि इको एका फेरीत झाले असते, ते दोन फेऱ्यांत झाले. दातांच्या डॉक्टरांचा वार वेगळा. दर वेळी पहाटेची एसटी, आणि जेमतेम दोन बोटं तोंड उघडणाऱ्या म्हातारीसाठी डब्यात ताकातल्या कण्या.

मधल्या दिवसांत घरी पाहुणे येतात. एकानं गाठ विरघळवणाऱ्या काढ्याचा पत्ता आणला. दुसरा म्हणाला, सुरी लागली की हा रोग अंगभर पसरतो, ऑपरेशन करूच नका. रुग्णालय तारीख देत नाही, काढेवाला मात्र लगेच सांगतो, गुरुवारी या. शेजारच्या वस्तीवरचा एक गडी असाच काढेवाल्याकडे गेला आणि रुग्णालयात परत आलाच नाही. आईनं परवा ताईला विचारलं, "इतके दिवस काहीच करत नाहीत, म्हणजे माझ्यात आता काही राहिलं नाही का गं?" डॉक्टरांनी हात टेकले, म्हणूनच आपल्याला थांबवून ठेवलंय, असं तिनं मनाशी धरलंय.

मी साखर कारखान्यात काट्यावर कामाला आहे. उसाची गाडी आली की पावतीवर वजन, तारीख, वेळ. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कारखाने तो कसा पाळतात हे मी लिहायला नको. तरी शेतकऱ्याला तारखेवर बोट ठेवून भांडता येतं. आईच्या फाइलवर बोट कुठे ठेवू?

भाची नर्सिंगला आहे. तिच्याकडून कळलं की ब्रिटनमध्ये कॅन्सरच्या संशयावरून तातडीनं पाठवलेल्या पेशंटचा पहिला उपचार ६२ दिवसांत सुरू व्हावा असा दंडक आहे. तिथेही तो पुष्कळदा मोडतो. पण किती मोडला त्याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात, ऑपरेशन चार आठवडे लांबलं तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं आहे. हे वाचल्यापासून कॅलेंडरकडे बघवत नाही.

नवीन इमारत किंवा मशीन मागत नाही. गर्दी आहे, मान्य. पण बायोप्सीचा अहवाल हातात देतानाच एक कागद द्यावा: पुढच्या तपासण्या कोणत्या, त्यातल्या कोणत्या एका फेरीत होतील, उपचार साधारण कोणत्या तारखेला सुरू होतील, आणि तारीख हुकली तर कुणाला विचारायचं. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांनी रेशनकार्ड आणि आधार त्याच दिवशी ताडून बघावं. आरोग्य खात्यानंही शिबिरांत किती जणांची तपासणी झाली हे सांगताना, सापडलेल्यांपैकी किती जणांचे उपचार किती दिवसांत सुरू झाले, हेही सांगावं. आपल्या बातमीदारांनी एवढं विचारलं तरी पुष्कळ होईल.

आईची फाइल अजून त्याच रुग्णालयात आहे, त्यामुळे माझं नाव छापू नये ही विनंती.

– एक वाचक, माळशिरस तालुका, जि. सोलापूर