पहिल्या हरणाबरोबर दुसऱ्या हरणाचंही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या शिकाऱ्यांच्या पहिल्या हरणाच्या आठवणी छापून आल्या आणि त्यावर वाचकांची पत्रं अजून येताहेत. कुणाला त्यात मर्दुमकी दिसली, कुणाला निव्वळ क्रौर्य. मला मात्र त्या आठवणी जिथे थांबतात त्या जागेबद्दल लिहायचं आहे. जवळजवळ प्रत्येक आठवणीत तेच घडतं. बार होतो, हरीण पडतं, शिकारी जवळ जातो, त्याचे डोळे बघून गलबलतो आणि लेख संपतो. वाचणाऱ्याला वाटावं की तो माणूस त्या क्षणी बदलला. पुढे काय झालं, हे कुणी विचारलेलंच नाही.

मी येवला तालुक्याच्या राजापूर-ममदापूर बाजूची. लग्नानंतर नाशकात आले आणि शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझ्या थोरल्या काकांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. त्यांनी पहिलं काळवीट मारलं ते हरभऱ्याच्या रानात, थंडीच्या दिवसांत, उजाडता उजाडता. ते सांगायचे, कळप समोर आला तेव्हा छाती इतकी धडधडत होती की तो आवाज जनावराला ऐकू जाईल असं वाटलं. नळी हलायला लागली, म्हणून ती बांधावरच्या बोरीच्या फांदीवर टेकवली. बार झाल्यावर काळवीट पडलं नाही. ते उधळलं, बरंच पळालं आणि मग पुढच्या पायांवर बसलं. काका जवळ गेले तेव्हा ते जिवंत होतं. सुरी काढावी लागली आणि तेव्हा हाताला इतका कंप सुटला की बरोबरच्या गड्याने ते काम केलं. त्या रात्री घरात सगळे जेवले. काकांच्या घशाखाली घास उतरला नाही.

आपल्या पुरवणीत ही आठवण इथेच संपली असती. पण मी त्यांना विचारलं होतं, मग दुसरं कधी मारलं? त्यांनी लपवलं नाही. त्याच हंगामात. आणि दुसऱ्या वेळी हात हलला का? "थोडा. तिसऱ्यापासून नाही." त्यानंतर त्यांनी बरीच वर्षं शिकार केली, शिंगं दिवाणखान्यात लावली, पाहुण्यांना दाखवली. ते वाईट माणूस नव्हते. दुष्काळात त्यांनी गावातल्या गाईंसाठी आपली विहीर मोकळी ठेवली होती. पहिल्या जनावराने आलेली थरथर खरी होती, आणि ती गेली हेही तितकंच खरं.

हे दुसरं वाक्य छापलं जात नाही, याचं मला दुःख आहे. कारण ते गाळलं की असा समज होतो की हरीण वाचतं ते शिकाऱ्याच्या पाझरलेल्या मनामुळे. आमच्या माळावर तसं घडलेलं मी पाहिलं नाही. 1951 च्या मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायद्यात परवाने आणि हंगाम होतेच, पण माळावर विचारायला कोण येत होतं? 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही आधी काही जनावरांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती, ती 1991 च्या दुरुस्तीने संपली. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि त्याच्या शिकारीला आज किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. काकांनी बंदूक खाली ठेवली ती पोलीस पाटलाने घरी येऊन कायदा समजावून सांगितल्यावर. त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं आहे आणि त्यात मला त्यांची काही अप्रतिष्ठा वाटत नाही.

सर्वांत जास्त लक्षात राहिली ती मात्र दुसऱ्याच एका गृहस्थांची हकिकत. आमच्याच शिवारातले, आता खूप वयस्कर. त्यांचं पहिलं हरीण त्यांना मिळालंच नाही. छर्रे पोटात लागले. रक्ताचा माग नाल्यापर्यंत होता, पुढे मुरमाड जमिनीवर दिसेना. दिवस मावळेपर्यंत ते शोधत राहिले. जखमी झालेलं ते जनावर एकदाच ओरडलं होतं, लेकरासारखं, आणि तो आवाज त्यांना अजून ऐकू येतो. "पडलं असतं तर विसरलो असतो," असं ते म्हणाले. जखमी होऊन निसटलेल्या जनावरांबद्दल शिकारी आपसात खूप बोलतात, बाहेरच्यांशी क्वचितच. ठासणीच्या बंदुकीने आणि छर्ऱ्यांनी मारताना अशी किती जनावरं नाल्या-ओघळींत जाऊन मेली असतील, याची कुठल्या परवान्याच्या पुस्तकात नोंद नसणार. आपल्या लेखात अशी एकही आठवण नव्हती. पहिलं हरीण म्हटलं की सगळ्यांना पडलेलंच हरीण आठवतं.

पेठ-सुरगाण्याकडचा अनुभव वेगळा आहे आणि तो शहरातल्या माणसाने जपून ऐकावा. तिथल्या एका कोकणा आदिवासी आजोबांनी मला त्यांच्या तरुणपणच्या पहिल्या भेकराबद्दल सांगितलं. त्यांना ना अभिमान होता ना पश्चात्ताप. हाका करणाऱ्या, म्हणजे जनावर हाकून आणणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, म्हाताऱ्यांचा वाटा, बाळंतिणीचा वाटा, हे त्यांनी नीट सांगितलं. नेम कसा लागला हे सांगितलंच नाही. ज्यांच्या घरी शिंगं टांगायला भिंत नव्हती, त्यांना आणि बंगल्यात कातडी अंथरणाऱ्यांना एकाच शब्दात क्रूर म्हणणाऱ्या पत्राशी मी सहमत नाही. जंगल उतरलं ते त्या पाड्यांच्या हाक्यांमुळे नव्हे. देशातला चित्ताही गरिबाच्या फाशात संपला नाही. शेवटचे म्हणून नोंदलेले तीन चित्ते 1947 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी मारले आणि 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्या महाराजांचं पहिलं जनावर कोणतं आणि तेव्हा त्यांना काय वाटलं, कोण जाणे. काही वाटलं असेल तरी चित्त्यांच्या ते उपयोगी पडलं नाही.

परदेशात शिकार चालते मग इथे का नको, असं एका वाचकाने लिहिलं आहे. माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीने गेल्या नोव्हेंबरमध्ये शेजाऱ्यांबरोबर जाऊन पहिलं पांढऱ्या शेपटीचं हरीण मारलं. तिने मला फोन केला. ती रडतही होती आणि आनंदातही होती, आणि दोन्ही खरं होतं. मी तिला रागावले नाही. तिथली गोष्ट तिथल्या जमिनीवर ठेवूनच बघायला हवी. लांडगे माणसाने हटवले आणि हरणं बेसुमार वाढली. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ती पाच लाखांच्या आसपास उरली होती, आज देशभरात तीन कोटींच्या आसपास आहेत. रस्त्यावर गाड्यांना धडकून मरतात, जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात. आणि तिथेही सगळं शिकाऱ्याच्या मनावर सोडलेलं नाही. विस्कॉन्सिनात बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे. परवान्यावर ठरल्याइतकीच जनावरं, आणि मारलेल्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर आहे, तो पैसा 1937 च्या कायद्याप्रमाणे वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. तिथल्या हरणांमध्ये 2002 पासून मेंदूचा एक असाध्य रोग सापडतो आहे, म्हणून खाण्याआधी मांसाची तपासणी करून घ्यायला सांगतात. ही सगळी यंत्रणा बाजूला ठेवून फक्त बंदूक इकडे आणायची मागणी करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. मुलीला मी तेवढंच विचारलं, पुढच्या वर्षी जाशील का? ती म्हणाली, "हो आजी, बहुतेक." मला तिचं खरं बोलणं आवडलं.

आपण तर पंचवटीच्या गावचे लोक. सीतागुंफेबाहेर रांगेत उभ्या राहिलेल्या पोरालाही सुवर्णमृगाची गोष्ट येते. त्या गोष्टीत हरीण मरताना माणसाच्या आवाजात हाक मारतं आणि तिथून पुढचं सारं अरिष्ट सुरू होतं. म्हणजे बाण लागल्यानंतरचीच गोष्ट मोठी आहे. आपल्याकडच्या कथा सांगणाऱ्यांना हे कळत होतं. पुरवणीच्या लेखकांनीही बार झाल्यावर वही मिटू नये, एवढंच माझं म्हणणं.

ममदापूर परिसर आज काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कळप वाढले, याचा मला मनापासून आनंद आहे. तिथले शेतकरी मात्र जूनमध्ये उगवलेला मूग आणि मका रातोरात खुडला गेलेला बघतात. शासनाच्या नुकसानभरपाईच्या यादीत 'हरीण (सारंग व कुरंग)' छापलेलं आहे, पण पंचनाम्यासाठी खेटे घालताना पेरणीची वेळ निघून जाते. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात काळवीट विहिरीत पडतं, कुत्री पाडस फाडतात, आणि त्याला वाचवायला धावतो तोही बऱ्याचदा हाच शेतकरी. ज्याच्या आजाने बंदूक चालवली आणि जो आज दोर लावून काळवीट वर काढतो, तो माणूस आपल्या लेखात यायला हवा. रात्री गाडीच्या प्रखर दिव्यात दिपलेलं हरीण गोळी घालून डिकीत टाकणाऱ्यांना जुन्या शिकाऱ्यांच्या रांगेत बसवू नये. त्यांच्यावर गुन्हा दाखल व्हावा आणि तो कोर्टात टिकावा.

तेव्हा विनंती अशी की ही लेखमाला बंद करू नका, वाढवा. विचारणाऱ्याने पुढचंही विचारावं. दुसऱ्या वेळी काय वाटलं? निसटलेलं किती होतं? मांस कुणी खाल्लं? बंदूक कधी सुटली आणि कशामुळे: कायद्याने, वयाने, की माळावर कळपच दिसेनासे झाले म्हणून? या पिढीतले फार थोडे उरले आहेत. राजापूर-ममदापूर भागातले काही जण माझ्या ओळखीचे आहेत आणि ते मोकळेपणाने बोलतात. आपला वार्ताहर येणार असेल तर मी त्याच्याबरोबर यायला तयार आहे. शक्यतो उन्हाळ्याच्या आत यावं; त्यांतले एक नव्वदीला टेकले आहेत आणि अलीकडे त्यांना ऐकायला कमी येतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
गंगापूर रोड, नाशिक