आवाज गेला म्हणजे आमचा स्क्रीनच गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबल्यापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत यंत्रणा टाकण्याचा सल्ला जो तो देतो. सल्ला चांगलाच आहे, मीही तो मानला. पण आवाजाबद्दल त्यात कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हे पत्र.

मी जन्मांध आहे. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालो. आपला पेपर रोज सकाळी लॅपटॉपवर ऐकतो. ऑर्का हा स्क्रीन रीडर पान वाचतो आणि ई-स्पीक त्याला मराठीत बोलतं करतं, दोन्ही मोफत. गेल्या महिन्यात एका अपडेटनंतर लॅपटॉप मुका झाला. डोळस माणसाचं अशा वेळी गाणं थांबतं, माझा अख्खा संगणकच बंद पडतो. बिघाड शोधायलासुद्धा मला तोच आवाज लागतो.

दुकानात नेला, तर "साउंड कार्ड उडालंय, मदरबोर्ड बदला, साडेसहा हजार." मला ते पटेना.

शेवटी आठवीतल्या नातीला शेजारी बसवलं. मी एकेक अक्षर सांगायचं, तिने टाइप करायचं आणि दिसेल ते वाचून दाखवायचं. आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एप्ले' (aplay), जागा सोडून डॅश, स्मॉल एल. लगेच कार्डांची यादी आली. म्हणजे ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) जागेवर होता, कार्ड ओळखलं जात होतं, मदरबोर्ड ठणठणीत होता! कार्डं निघाली दोन: शून्य नंबरचं एचडीएमआयचं, टीव्हीला जोडायच्या वायरीसाठी, आणि एक नंबरचं लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरचं. मग 'अल्सामिक्सर' (alsamixer) हा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम उघडून एफ-६ ने एक नंबरचं कार्ड निवडलं. "आजोबा, पहिल्याच पट्टीखाली एम एम लिहिलंय, बाकीच्यांखाली दोन-दोन शून्यं आहेत." ती पट्टी मास्टरची आणि एम एम म्हणजे म्यूट. तिने त्या पट्टीवर एम दाबलं, वरच्या बाणाने आवाज चढवला. तरी शांतताच. सेटिंग्जमध्ये पाहिलं तर आवाज एचडीएमआयकडेच चालला होता. तो स्पीकरवर आणला आणि ऑर्का बोलायला लागला. नातीने टाळ्या वाजवल्या, मला मात्र दोन मिनिटं बोलता येईना. एकही पैसा खर्च झाला नाही.

नव्या लॅपटॉपचं दुखणं बरेचदा वेगळं असतं. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच चिपांना साउंड ओपन फर्मवेअर या, चिपमध्येच चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइली लागतात. त्या नसल्या की सेटिंग्जमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसतं. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार; जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अशी फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच (लिनक्स बसवणाऱ्या प्रोग्रामसोबतच) मिळते.

डेबियनचं आणखी एका गोष्टीसाठी मनापासून कौतुक करायचं आहे. त्याच्या इन्स्टॉलरचा मेनू तयार झाला की बीप वाजतो. तेव्हा एस आणि एंटर दाबलं की इन्स्टॉलर बोलू लागतो. साउंड कार्डं एकाहून जास्त असली, तर ज्यातून आवाज ऐकू येईल त्या वेळी एंटर दाबा, असं सांगतो. माझ्या नातीने जे केलं तेच काम हा इन्स्टॉलर डोळ्यांच्या मदतीशिवाय करवून घेतो. अपडेटनंतर आवाज हरवला तर हीच सोय चालू यंत्रणेतही हवी आणि ती प्रत्येक लिनक्समध्ये हवी.

तोवर माझ्यासारख्यांनी एक साधं यूएसबी साउंड कार्ड घरात ठेवावं. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ब्लूटूथचा अशा वेळी उपयोग नाही, ते जोडायलाही स्क्रीन दिसावा लागतो.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत लिनक्सवर लेख द्याल तेव्हा, इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून आवाज तपासा, हे वाक्य सुरुवातीलाच घ्यावं, ही विनंती. सोबत उबुंटू या लोकप्रिय लिनक्समध्ये ऑर्का सुरू करायची कळही द्यावी: सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ), आल्ट आणि एस एकत्र.

आपला,
एक निवृत्त संगीत शिक्षक, मिरज