ब्रोकोली किती मिनिटे शिजवावी, हेही छापावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ब्रोकोलीच्या पाककृती वरचेवर येतात, परंतु त्यांतील बऱ्याच पाककृतींत ‘मऊ होईपर्यंत शिजवावी’ एवढेच लिहिलेले असते आणि ही भाजी बिघडते ती नेमकी या सूचनेमुळे. कोबी व फ्लॉवर यांच्याच कुळातील असल्याने ब्रोकोलीत गंधकयुक्त संयुगे असतात. ती फार वेळ शिजली की उग्र वास सुटतो. शिवाय उष्णतेने पेशींतील आम्ले मोकळी होऊन हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि पाच-सात मिनिटांतच तजेलदार हिरवा रंग शेवाळी होऊ लागतो. लिंबू अगदी शेवटी पिळावे, ते याच कारणासाठी.

भरपूर पाण्यात उकळल्यास क जीवनसत्त्वाचा मोठा अंश पाण्याबरोबर ओतला जातो. त्यापेक्षा चार-पाच मिनिटे वाफवणे उत्तम. सॅलडसाठी मात्र उकळत्या खारट पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावी, म्हणजे रंग आणि करकरीतपणा दोन्ही टिकतात.

माझ्या मते खरी चव उतरते ती ओव्हनमध्ये भाजल्यावर. तुरे धुऊन पूर्ण कोरडे करावेत, त्यांना तेल-मीठ चोळावे आणि सुमारे 220 अंश सेल्सियसला पंधरा ते वीस मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत भाजावेत. तुरे ओले राहिले किंवा ट्रेमध्ये दाटीने ठेवले, तर ते भाजण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत शिजतात आणि गोडसर, खमंग चव येतच नाही. मोठ्या आचेवर परततानाही कढईत एका वेळी थोडेच तुरे घालावेत.

देठ फेकून देणे मला अतिशय खटकते. वरची चिवट साल काढली की आतला गाभा कोवळा असतो, फक्त त्याच्या पातळ चकत्या करून त्या तुऱ्यांच्या आधी घालाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट पाककृतींत क्वचितच आढळते. ब्रोकोली चिरल्यावर तिच्यातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) सल्फोराफेन हे उपयुक्त संयुग तयार होते, पण शिजवताना ते विकर निष्क्रिय होते. त्यामुळे चिरून अर्धा-पाऊण तास ठेवावी आणि मग शिजवावी. तेवढी सवड नसल्यास शिजलेल्या भाजीवर चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड भुरभुरावी, कारण मोहरीतही तेच विकर असते.

आपल्या पुरवणीतील पाककृतींत यापुढे तुऱ्यांचा आकार, आच आणि मिनिटे यांचा स्पष्ट उल्लेख असावा, तसेच सुरीचे टोक देठात किंचित अडखळत शिरले की भाजी उतरवावी, ही खूणही द्यावी, अशी विनंती आहे.

आपली नियमित वाचक